१४९ रुपयांचा टीशर्ट स्वस्त कुणामुळे?

पोंगलच्या आधीच्या रविवारी तांबरममधल्या एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये महिन्याचं सामान आणायला गेले होते. खालच्या मजल्यावर तांदूळ, डाळी, तेल, साबण. सरकत्या जिन्याने वर गेलं की कपडे. जिन्याच्या तोंडाशीच एक भलीमोठी जाळीची टोपली ठेवलेली आणि तिच्यावर पिवळा बोर्ड : कोणताही टीशर्ट १४९. पुढच्याच आठवड्यात यवतमाळजवळ मामाकडे जायचं होतं. मामाची दोन्ही मुलं वाढत्या वयातली. चार टीशर्ट उचलले आणि तूरडाळीच्या पिशवीवर टाकले. माप नीट पाहिलं नाही, कापड चोळून पाहिलं नाही. १४९ मध्ये काय बघायचं?

बिल हातात आल्यावर मात्र नजर अडकली. एक लिटर तिळाचं तेल दोन टीशर्टांपेक्षा महाग होतं.

घरी येताना जिन्यात खालच्या मजल्यावरच्या अक्का भेटल्या. अक्कांनी पंधरा वर्षं निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यात लाइनवर काम केलंय. आता घरीच ब्लाउज शिवतात, साड्यांना फॉल-पिको करून देतात. माझं तमिळ मोडकंतोडकं, त्यांचं हिंदी माझ्या तमिळपेक्षा बरं. पिशवीतला टीशर्ट दिसताच त्यांनी तो घेतला आणि पहिल्यांदा उलटा केला. आपण कपडा सुलट्या बाजूने बघतो, शिवणारी बाई उलट्या बाजूने.

"शिलाई सरळ आहे," अक्का म्हणाल्या. "पोरीने घाईत शिवलंय, पण चांगलं शिवलंय. कापड पातळ आहे. दोन-तीन धुण्यांत बाजूची शिवण फिरून पोटावर येईल." मग किंमत विचारली. मी जरा ओशाळूनच १४९ सांगितलं. मला वाटलं, आता त्या कारखान्याबद्दल काहीतरी कडू बोलतील. त्या म्हणाल्या, "मग मलाही दोन आणायचे होतेस ना. माझ्या पोरांना मी तिथूनच घेते."

त्या एका वाक्याने माझी पंचाईत केली. स्वस्त कपडे वाईट, ते घेणारे बेफिकीर, असं आपण मोबाइलवर सतत वाचतो. पण ते शिवणारीच ते विकत घेत असेल तर? मग दोष कुणाला द्यायचा? हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून टीशर्टचा हिशेब मांडायला बसले.

इतकं स्वस्त परवडतं कसं?

आधी एक गोष्ट मान्य करू. स्वस्ताईमागे दर वेळी कुणाची पिळवणूकच असते असं नाही. काही कारणं सरळ धंद्याची आहेत.

झुडिओचं उदाहरण घ्या. टाटा समूहातल्या ट्रेंट कंपनीची ही दुकानं. तिथले कपडे साधारण हजार रुपयांच्या आतले. मार्च २०२५ अखेर देशभरात त्यांची ७०० हून अधिक दुकानं होती. कपडे स्वतःच्याच नावाचे, त्यामुळे दुसऱ्या ब्रँडला पैसे द्यायला नकोत. मोठ्या जाहिराती नाहीत. एकच डिझाइन शेकडो दुकानांसाठी एकदम शिवून घेतलं की नगामागचा खर्च आपोआप उतरतो.

डीमार्टची रीत वेगळी. २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान उघडलेल्या या साखळीने बहुतेक जागा भाड्याने न घेता विकत घेतल्या आणि माल देणाऱ्यांचे पैसे लवकर चुकते करायची सवय लावली. ज्याला पैसे लवकर मिळतात तो व्यापारी भावही कमी लावतो. किराण्यात जे चालतं ते कपड्यातही चालतं.

आपल्या घरातल्या मोठ्यांना विचारा, स्वस्त कपडा त्यांनाही नवा नाही. रेशनवरचं कंट्रोलचं कापड, जनता साडी त्यांच्या आठवणीत असेल. तमिळनाडूत तर १९८३ पासून, एम. जी. रामचंद्रन मुख्यमंत्री असताना सुरू झालेल्या योजनेत, पोंगलला गरीब कुटुंबांना साडी आणि धोतर फुकट मिळतं. ते कापड राज्यातल्या हातमाग आणि यंत्रमागांवर विणून घेतलं जातं. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये अंत्योदय कुटुंबांना वर्षाला एक साडी द्यायचं ठरवलं. इथे कपडा घेणाऱ्याला फुकट पडतो, पण विणणाऱ्याचे पैसे कोण देतं ते स्पष्ट असतं : सरकार, म्हणजे आपण सगळे.

टोपलीतल्या टीशर्टचं तसं नाही. त्यात उरलेले पैसे कुणी भरले, हे बिलावर लिहिलेलं नसतं.

वीस रुपयांची शिलाई

समजा, एका लाइनवर शिवणारे, मदतनीस, तपासणारे मिळून ४० जण आहेत. प्रत्येकाची रोजची मजुरी ५०० रुपये धरू. अशी लाइन दिवसाला १,००० साधे टीशर्ट काढते असं मानू. मजुरी झाली २०,००० रुपये. म्हणजे एका टीशर्टमागे २० रुपये. कारखान्यागणिक आकडे इकडेतिकडे होतील, पण अंदाज यायला एवढं पुरे.

हा कागद मी अक्कांना दाखवला. त्यांनी मान डोलावली. "हजाराचं टार्गेट असलं की आम्ही पाणी कमी प्यायचो," त्या म्हणाल्या. "पाणी प्यायलं की उठावं लागतं. उठलं की मशीनवर माल साचतो. माल साचला की सुपरवायझर ओरडतो." मी लिहिलेल्या वीस रुपयांत ही तहान कुठेच नव्हती.

महागड्या टीशर्टमध्ये तरी शिवणाऱ्याचा वाटा मोठा असेल असं वाटतं ना? युरोपातल्या फेअर वेअर फाउंडेशन या संस्थेने २९ युरोच्या एका टीशर्टचा हिशेब मांडला होता. त्यात शिवणाऱ्या कामगाराच्या हाती पडत होते ०.१८ युरो. शंभराच्या नोटेवर बोलायचं तर साठ पैसे. दुकानाचं भाडं, नफा, ब्रँड, वाहतूक, कापड या सगळ्यांनी आपापला वाटा घेतल्यावर उरलेलं.

कापूस मामाचा, टीशर्ट माझा

आता टीशर्टच्या दुसऱ्या टोकाला जाऊ, म्हणजे मामाच्या वावरात.

तमिळनाडूत सूतगिरण्या देशात सर्वांत जास्त, पण तिथे कापूस फारसा पिकत नाही. तो येतो महाराष्ट्र, गुजरात, तेलंगणातून. विदर्भातून गाठी भरून दक्षिणेकडे जाणारे ट्रक ही काही नवलाची गोष्ट नाही. मामाच्या शेतातला कापूस माझ्या आधीच तमिळनाडूत पोचलेला असू शकतो.

एक क्विंटल कापसातून जिनिंगमध्ये साधारण ३३-३४ किलो रुई निघते, बाकीची सरकी. सूतकताई, विणाई, रंगाई आणि कटाईतली घट वजा केली तर त्यातून १७० ग्रॅम वजनाचे साधारण १४० टीशर्ट होतील. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव आहे क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे पूर्ण सुती टीशर्टमागे शेतकऱ्याला मिळायला हवेत सुमारे ५८ रुपये. शिलाईच्या वीस रुपयांपुढे हा आकडा मोठा दिसतो. पण त्यातून बियाणं, खत, फवारणी, निंदणी आणि वेचणी जायची आहे. शिवाय व्यापाऱ्याकडे हमीभावच मिळेल याची खात्री नाही. वेचणीला येणाऱ्या बायकांना किलोवर मजुरी मिळते. दिवसभर उन्हात, कमरेला ओटी बांधून, बोटांना बोंडाचे काटे टोचून घेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये या दोन टोकांची ओढाताण सगळ्या देशाने पाहिली. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, तिरुप्पूरच्या निर्यातदारांच्या पोटात गोळा आला. त्याच महिन्यात केंद्र सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के शुल्क तात्पुरतं काढलं आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. कारखान्यांना स्वस्त कापूस हवा होता. विदर्भातल्या शेतकऱ्यांनी विचारलं, मग आमच्या भावाचं काय? दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं.

आता वर मांडलेले आकडे एकत्र करा. कापूस ५८, शिलाई २०. त्यात सूत काढणं, विणणं, रंगवणं, बटण-लेबल, वाहतूक, दुकानाचं भाडं, वीज, पगार, नफा आणि कर. १४९ मध्ये हे सगळं बसवणं अवघडच. मी टीशर्टचं लेबल शोधलं. लिहिलं होतं : ६० टक्के कॉटन, ४० टक्के पॉलिस्टर. कोडं निम्मं तिथेच सुटलं. उरलेलं निम्मं कापडाच्या जाडीत. कापडाचं वजन जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅमचं भरतं ते. अंगावर नीट बसणारा सुती टीशर्ट १८० च्या आसपासचा असतो, टोपलीतला १४० किंवा त्याहूनही हलका.

गिरणीचं एक फाटक, आता दहा गावं

मुंबईच्या गिरणगावात एका फाटकातून कापूस आत जायचा आणि त्याच फाटकातून कापड बाहेर यायचं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हा कुणाशी भांडायचं हे त्यांना ठाऊक होतं. तो संप फसला, गिरण्या गेल्या, ते दुःख मराठी घरांत अजून आहे. पण त्यानंतर कापडाचा धंदा ज्या पद्धतीने पसरला त्यात भांडायला समोर माणूसच उरला नाही. कापूस यवतमाळचा, सूत दिंडीगुलचं, विणाई-रंगाई तिरुप्पूरची, शिलाई आणखी कुठली आणि दुकान तांबरमचं. प्रत्येक टप्प्यावर वेगळा मालक, वेगळा ठेकेदार. कुणालाही विचारा, तो पुढच्याकडे बोट दाखवतो.

या साखळीच्या मधल्या कड्यांत काय घडत होतं ते पाहा. कोइंबतूर, दिंडीगुल, ईरोड भागातल्या अनेक सूतगिरण्यांत खेड्यातल्या गरीब, बहुतेक दलित घरांतल्या मुलींना तीन वर्षांच्या बोलीवर आणलं जायचं. राहायचं गिरणीच्याच वसतिगृहात, बाहेर जायचं तर परवानगी घेऊन. हातात थोडे पैसे, आणि तीन वर्षं पूर्ण झाली तर शेवटी एकरकमी रक्कम, लग्नासाठी. मधेच आजारी पडून सोडलं तर ती रक्कम बुडायची. या योजनेचं नाव होतं 'सुमंगली'. तमिळमध्ये सुमंगली म्हणजे सवाष्ण. लेकीच्या हुंड्याची चिंता असलेल्या आईबापांना हे नाव किती बरोबर ठाऊक होतं! कामगार संघटना, न्यायालयं आणि परदेशी ग्राहकांचा दबाव आल्यावर ही पद्धत बरीच मागे हटली.

रंगाईचं बिल नोय्यल नदीने भरलं. देशाच्या निटवेअर निर्यातीतला निम्म्याहून जास्त वाटा तिरुप्पूरचा. तिथलं रंगाचं पाणी नदीत सोडलं जायचं. शेतीसाठी बांधलेल्या ओरत्तुपाळयम धरणात पुढे रंगाचं आणि क्षारांचंच पाणी साचत गेलं. खालच्या शेतकऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिरुप्पूरचे रंगाईचे कारखाने बंद करायचा आदेश दिला. सातशेहून अधिक कारखान्यांना टाळं लागलं, हजारो मजूर गावी परतले. त्यानंतर सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडता ते शुद्ध करून पुन्हा वापरायची यंत्रणा बसवल्यावरच कारखाने सुरू होऊ लागले. पाणी शुद्ध करायला पैसे लागतात. त्याआधी ते पैसे वाचत होते, म्हणजे शेतकऱ्याच्या विहिरीतून वसूल होत होते.

आठ मजली इमारत आणि सुपरमार्केटचं लेबल

या स्वस्ताईचं सर्वांत भयंकर रूप जगाने २४ एप्रिल २०१३ ला पाहिलं. बांगलादेशात ढाक्याजवळ सावर इथे राना प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या शिलाई कारखान्यांतल्या कामगारांना मात्र सकाळी आत पाठवलं गेलं, कारण माल वेळेत पोचायचा होता. १,१३४ माणसं गेली. त्यांत बहुसंख्य तरुण बायका होत्या.

ढिगाऱ्यात जी लेबलं सापडली त्यांत एक होतं 'जो फ्रेश'. कॅनडातल्या लॉब्लॉ या सुपरमार्केट साखळीचं हे कपड्यांचं नाव. म्हणजे तिथली एखादी आईही माझ्यासारखीच दूध-पाव घेता घेता टीशर्ट ट्रॉलीत टाकत होती.

त्यानंतर जे झालं ते मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. मे २०१३ मध्ये परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात एक करार झाला. त्यात कारखान्यांची सुरक्षा तपासणी ही ब्रँडच्या मर्जीवर सोडली नाही, ती कायद्याने बंधनकारक केली. बांगलादेशातल्या शेकडो कारखान्यांत आगीचे जिने, दरवाजे, विजेच्या तारा दुरुस्त झाल्या. आपल्याकडेही २०२२ मध्ये दिंडीगुलला असाच एक करार झाला. जानेवारी २०२१ मध्ये कापड कारखान्यातल्या एका तरुण दलित कामगार मुलीचा खून झाला होता. त्यानंतर दलित महिलांच्या नेतृत्वाखालच्या कामगार संघटनेने लढा दिला आणि कारखाना व परदेशी ब्रँड यांना लेखी करारावर सह्या करायला लावल्या. दर २५ कामगारांमागे एक महिला लक्ष ठेवेल, त्रासाची तक्रार थेट करता येईल, तक्रार करणारीला काढता येणार नाही, अशा त्याच्या अटी.

उभं राहण्याची नोकरी

शिवणारी बाई आपल्याला दिसत नाही. पण दुकानात टीशर्टच्या घड्या घालणारी मुलगी तर समोर असते. तिच्याकडे आपण किती वेळा नीट पाहतो?

चेन्नईत त्यागराय नगरची रंगनाथन स्ट्रीट कापडाच्या मोठमोठ्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. दक्षिण तमिळनाडूच्या खेड्यांतून आलेली मुलंमुली तिथे काम करतात, दुकानाने दिलेल्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात. २०१० मध्ये वसंतबालन यांचा 'अंगाडी तेरु' हा चित्रपट आला, तो याच मुलांवर. तो पाहिल्यावर चेन्नईतल्या अनेकांना आपण ज्या दुकानातून दिवाळीचे कपडे घेतो तिथल्या मुलांचे सुजलेले पाय पहिल्यांदा दिसले.

बसायचा हक्क हा काही मागायचा हक्क आहे का, असं वाटेल. पण तो मागावा लागला. केरळात कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी त्यासाठी संघटना बांधली आणि २०१८ मध्ये केरळने कायदा बदलला. सप्टेंबर २०२१ मध्ये तमिळनाडू विधानसभेनेही दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती केली : प्रत्येक दुकानाने कर्मचाऱ्यांना बसायला जागा ठेवायची. पुढच्या वेळी दुकानात गेलात की बघा, काउंटरमागे स्टूल आहे का. असलं, तर त्यावर कुणी बसलंय का, तेही बघा.

मग महाग घ्यायचं का?

मीही हाच विचार केला होता. पण २९ युरोच्या टीशर्टचा हिशेब आठवा. महाग लेबल म्हणजे चांगली मजुरी, असं काही नाही. एकाच कारखान्यात शेजारशेजारच्या लाइनवर स्वस्त आणि महाग दोन्ही माल शिवला जाऊ शकतो. आणि स्वस्त कपड्यांवर सगळ्यांनी बहिष्कार टाकला तर अक्कांसारख्या घरात पोरांना शाळेच्या सहलीला काय घालायचं? नोकरी त्यांची जाणार आणि कपडाही त्यांचाच जाणार.

त्यापेक्षा हे पाहा. तमिळनाडूत शिवणकामगारांचं किमान वेतन बारा वर्षं वाढलं नव्हतं. सरकारने वाढ जाहीर केली तर कारखानदार न्यायालयात गेले. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला, काहींची मजुरी ३० टक्क्यांपर्यंत वाढायची होती. आता माझा वीस रुपयांचा हिशेब पुन्हा घ्या. शिलाईची मजुरी २५ टक्क्यांनी वाढवली तर टीशर्टमागे वाढतात पाच रुपये. १४९ चा टीशर्ट १५४ ला. जिन्याशी ठेवलेल्या टोपलीतून मी तो १५४ लाही उचलला असता. तुम्हीही उचलला असता. पण हे पाच रुपये मी दुकानात जास्त दिले म्हणून अक्कांपर्यंत पोचत नाहीत. ते पोचतात कायद्याने, तपासणीने आणि संघटनेने. नोय्यलचं पाणी, दुकानातलं स्टूल, दिंडीगुलचा करार, यातली एकही गोष्ट कुणी महाग शर्ट विकत घेतल्यामुळे झाली नाही.

म्हणून किमान वेतनाची बातमी आली की ती 'उद्योगांवर बोजा' म्हणून पुढे ढकलू नका. तो बोजा आपल्या ट्रॉलीत पाच रुपयांचा आहे.

कपाटातला हिशेब

दुकानाबाहेरचं आपल्या हातात थोडंच असलं, तरी कपाट आपलंच असतं. १४९ चा टीशर्ट दहा वेळा घालून टाकला तर एका वेळेला पंधरा रुपये पडतात. ४०० चा टीशर्ट शंभर वेळा घातला तर चार रुपये. स्वस्त कपडाही शंभर वेळा घातला तर तो खरंच स्वस्त.

आपल्या आज्या हे जाणून होत्या. नऊवारी विरली की तिची गोधडी व्हायची, गोधडी विरली की पायपुसणं. दारावर बोहारीण यायची आणि जुन्या कपड्यांवर स्टीलचं पातेलं द्यायची. ती कपडा हातात घेऊन उजेडात धरायची. सुती असला तर घासाघीस चालायची. पॉलिस्टरच्या टीशर्टची गोधडी होत नाही, तो घाम टिपत नाही आणि त्याने धड फरशीही पुसली जात नाही.

इथे तांबरमला भोगीच्या पहाटे त्याचं काय होतं ते दिसतं. पोंगलच्या आदल्या दिवशी जुनं जाळून टाकायची इथली प्रथा. पूर्वी चटया, झाडू, सुती चिंध्या जळायच्या. आता त्यात टायर आणि पॉलिस्टरही असतं. तमिळनाडू प्रदूषण नियंत्रण मंडळ दर वर्षी विनवतं, तरी धूर होतोच. २०१८ च्या भोगीला धूर आणि धुकं मिळून चेन्नई विमानतळावरची उड्डाणं विस्कळीत झाली होती. आपल्याकडे भोगीला तिळाची भाकरी आणि मिसळीची भाजी असते, तीच बरी!

घरच्या घरी एवढं तरी जमण्यासारखं आहे :

• घेण्याआधी कपडा उलटा करा. शिवण, सुटलेले धागे, कापडाची जाडी आणि लेबल, दोन मिनिटांचं काम आहे.

• किराण्याच्या यादीत नसलेला कपडा किराण्याच्या ट्रॉलीत टाकू नका. दुसऱ्या दिवशीही हवासा वाटला तर परत जा.

• थंड पाण्यात, उलटा करून धुवा आणि सावलीत वाळवा. निम्मे कपडे धुण्यातच मरतात.

• गल्लीतल्या शिवणाऱ्या बाईंचा नंबर फोनमध्ये ठेवा. उसवलेली शिवण, तुटलेली चेन, आखूड झालेली पँट, याला नवा कपडा लागत नाही.

• मुलांना विचारा, हा कुणी शिवला असेल? उत्तर नसलं तरी चालेल. प्रश्न पडू दे.

यवतमाळला गेल्यावर मुलांना टीशर्ट दिले. मामाने एक हातात घेतला आणि कापसाच्या गंजीवर बसून माल पारखतात तसा अंगठा आणि बोट यांच्यात चोळला. मी लेबल वाचून दाखवलं : साठ टक्के कॉटन. "म्हणजे साठ टक्के आपला," मामा म्हणाला आणि टीशर्ट पोराकडे फेकला.

मोठ्याला एक आखूड झाला, तो मी परत आणून स्वतःच घालू लागले. तिसऱ्या धुण्यात बाजूची शिवण फिरून पोटावर आली, अक्का म्हणाल्या होत्या तशीच. परवा त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी दोन्ही बाजू उसवल्या, कापड सरळ केलं आणि पुन्हा शिवून दिला.

"किती झाले, अक्का?"

"वीस दे."

संपूर्ण टीशर्टची मजुरी मी जेवढी मांडली होती, तेवढेच फक्त दोन शिवणींचे. मी दिले. आता तो वर्षभर सहज जाईल.